अडवणाऱ्यानं कारण सांगायचं

वृंदा दातार यांच्या गाडीतून रुस्ताकला जायचं म्हणजे घरून अर्धा तास लवकर निघावं लागे. रस्ता रुंद, गाडी नवी, आणि त्या चालवायच्याही उत्तम. पण त्यांना आवडायची ती सर्वांत उजवीकडची, ट्रकवाल्यांची संथ लेन. पुढच्या ट्रकची नंबरप्लेट वाचता आली की त्यांचा चेहरा उजळायचा.

"साठे, बघा, कुवेत! कुवेतचा ट्रक इथवर आलाय. मध्ये किती सरहद्दी लागल्या असतील?"

"मॅडम, मीटिंग दहाला आहे."

"तीन तरी. आणि आत काय असेल? मला वाटतं, दही."

मग त्या ट्रकच्या बरोबरीने गाडी नेऊन आत काय आहे ते बघायचा प्रयत्न व्हायचा. ट्रकवाला गोंधळून हॉर्न द्यायचा. वृंदाताई त्याला हात करायच्या. पन्नाशीला आलेली, चष्मा लावणारी, कॉटनच्या कुर्त्यातली एक बाई आपल्याला एवढ्या प्रेमानं हात का करते आहे, हे त्या माणसाला कळायला काही मार्ग नसे.

आमची कंपनी खजूर आणि खजुराचे गोड पदार्थ तयार करून डब्यात भरते. कचेरी मस्कतमध्ये अल् खुवैरला, कारखाना मस्कतबाहेर रुस्ताकला. मी हिशेब खात्यात आहे आणि वृंदाताई कायदा खात्यात होत्या. खातं म्हणजे त्या एकट्याच. त्यांचा विषय होता सामाईक बाजाराचा कायदा. आखातातल्या सहा देशांनी मिळून आपला एक बाजार केला आहे. एका देशात रीतसर तयार झालेला माल बाकीच्या पाच देशांत सहज जावा, एका देशाच्या नागरिकाला दुसऱ्या देशात धंदा, नोकरी करता यावी, असा त्याचा बेत. युरोपात हा प्रयोग आधीपासून चालू होता. वृंदाताईंनी पुण्यात वकिली केल्यावर एक वर्ष युरोपात जाऊन तोच कायदा शिकून घेतला होता, आणि त्याबरोबर तिथल्या माणसांच्या मूलभूत हक्कांचाही. बाजार आणि हक्क या दोन गोष्टी एकमेकींना कुठे धडकतात, हा त्यांचा आवडीचा भाग. इतर लोक क्रिकेटच्या सामन्यांबद्दल बोलतात तशा त्या न्यायालयाच्या निकालांबद्दल बोलायच्या.

"साठे, तुम्हाला दारूची केस सांगितली का?"

"सांगितलीत."

"परत ऐका. एका देशातली फळांची दारू दुसऱ्या देशानं अडवली. कारण काय दिलं असेल?" एवढं बोलून त्यांना हसू आवरायचं नाही. "की तिच्यात दारू कमी आहे! दारू कमी म्हणून अडवली! कोर्टानं सांगितलं, बाटलीवर लिहा ना किती आहे ते. पिणारा वाचेल. अडवता कशाला?"

या निकालातून त्यांनी स्वतःपुरतं एक वाक्य तयार केलं होतं, आणि ते दिवसातून एकदा तरी कानावर पडे: "जाणाऱ्यानं नाही, अडवणाऱ्यानं कारण सांगायचं." त्याच्या मागोमाग तीन प्रश्न यायचे. कशासाठी अडवता? अडवल्यानं ते साधतं का? आणि कमी अडवूनही साधलं असतं का? लिफ्टमध्ये सामान न्यायला मनाई करणाऱ्या वॉचमनला त्यांनी हे तीन प्रश्न विचारले होते. माझ्या डब्यातली भरली वांगी त्या न विचारता उचलत असताना मी हात आडवा घातला, तर मलाही विचारले होते. मी म्हणालो, "मला भूक लागली आहे." त्या म्हणाल्या, "पहिल्या प्रश्नाला पास. तिसऱ्याला नापास. दोन वांगी ठेवून बाकी द्या."

मी स्वभावाने काटेकोर माणूस. मला आधी हे सगळं पोरकट वाटायचं. सीमेवरच्या बर्फीच्या प्रसंगानंतर मत बदललं.

आमच्या रुस्ताकच्या कारखान्यात गजानन परब म्हणून मिठाई विभागाचे मुख्य कारागीर आहेत. वेंगुर्ल्याजवळच्या गावचे. त्यांनी खजूर आणि तिळाची एक वडी बसवली, कंपनीने तिला बर्फी असं नाव देऊन बाजारात आणलं, आणि शेजारच्या देशात जाणारा पहिलाच ट्रक सीमेवर थांबला. तपासणी अधिकाऱ्याचं म्हणणं, ही बर्फी नाही. वृंदाताई निघाल्या. खरेदी-विक्रीची कागदपत्रं माझ्याकडची, म्हणून मीही गेलो. काय घातलं आहे हे सांगायला परब हवेत, म्हणून तेही. पण पलीकडे जायचा परवाना पदावर ठरतो. आम्हा दोघांना तो सहज मिळाला, परबांच्या पदाला मिळाला नाही. ते अलीकडे ट्रकपाशी थांबले.

पलीकडचा अधिकारी तरुण होता, पांढऱ्याशुभ्र पायघोळ अरबी कंदुऱ्यातला, आणि त्याला बर्फीबद्दल ठाम मतं होती.

"सिस्टर," तो म्हणाला, "माझ्या लहानपणी आमच्या घराखाली भारतीय मिठाईवाला होता. मी बर्फी खाऊन मोठा झालो आहे. बर्फी म्हणजे दूध. यात दूध कुठे आहे?"

मला वाटलं, आता कायद्याची कलमं निघणार. वृंदाताई म्हणाल्या, "तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. मलाही नाव पटलं नव्हतं."

अधिकारी एकदम नरम झाला.

"आता मला सांगा, तुम्हाला भीती कसली आहे? कुणी दुधाची समजून घेईल आणि फसेल, हीच ना? मग डब्यावर पुढच्याच बाजूला मोठ्या अक्षरांत 'दूध नाही, खजूर आणि तीळ' असं अरबीत लिहिलं, तर कोण फसेल?"

त्यानं विचार केला. विचार करता करता समोरच्या डब्यातली दुसरी वडी खाल्ली. मग म्हणाला, "लिहा. मग जाऊ देतो, इन्शाल्ला."

"इन्शाल्ला म्हणजे आज, की पुढच्या आठवड्यात?"

तो खो खो हसला. "आज, सिस्टर. खलास!"

आम्ही परत अलीकडे आलो. सीमेजवळच्या एका छोट्या छापखान्यातून चिठ्ठ्या छापून घेतल्या, आणि परब, ड्रायव्हर आणि मी दुपारभर उन्हात बसून त्या डब्यांवर चिकटवल्या. वृंदाताई सावलीत बसून एकेक डबा तपासत होत्या आणि माझ्या तिरक्या चिठ्ठ्या काढून परत लावायला लावत होत्या. ट्रक सीमेच्या कमानीखालून गेला तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या. परब कमरेवर हात ठेवून बघत उभे होते.

"मॅडम," ते म्हणाले, "माझी बर्फी पासपोर्टाशिवाय पलीकडे गेली. आणि माझ्याकडे पासपोर्ट असान मी हयसरच."

आम्ही हसलो. वृंदाताईंचं हसू मध्येच थांबलं. परतीच्या वाटेवर त्यांनी एकही नंबरप्लेट वाचली नाही. मस्कत जवळ आलं तेव्हा म्हणाल्या, "साठे, इथं आपण पाहुणे आहोत. कुणाला येऊ द्यायचं हे यजमान ठरवणार, त्यात मला काही म्हणायचं नाही. पण माणसानं केलेला माल माणसापेक्षा हलका असतो, एवढं मात्र आज दिसलं."

त्यांचा हा कायदा घरात उलटायचा, आणि त्याचा त्यांना सर्वांत जास्त अभिमान होता. त्यांची मुलगी इरा तेव्हा अल् घुब्र्याच्या भारतीय शाळेत नववीत होती. मराठी बोलायची, पण पायरी चुकू नये म्हणून जपून उतरावं तशी. तिला मैत्रिणींबरोबर समुद्रकिनाऱ्यावर तंबूत राहायला जायचं होतं. वृंदाताईंनी नाही म्हटलं. इरा जेवता जेवता म्हणाली, "आई, यू आर द वन अडवणारी. सो कारण तू द्यायचं."

"सुरक्षितता."

"ओके. पण कमी अडवून होतं ना? रियाची मम्मी येते आहे आमच्याबरोबर. फोन ऑन ठेवेन. दॅट इज कमी अडवणं."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात वृंदाताई माझ्या टेबलाच्या कडेवर येऊन बसल्या. खुर्चीत बसणं त्यांना आवडत नसे. "हरले, साठे! सपशेल हरले. तिसऱ्या प्रश्नावर विकेट. श्रीरंग तर उठून तिच्याशी हात मिळवून आला." श्रीरंग म्हणजे त्यांचे यजमान, अत्यंत अबोल माणूस. हरल्याचा एवढा आनंद झालेला वकील मी त्याआधी पाहिला नव्हता.

आता मंडळाची गोष्ट. अल् घुब्र्यातल्या आमच्या चार-पाच इमारतींत जी मराठी घरं आहेत त्यांचं एक छोटं मंडळ आहे. दर जानेवारीत, हवा छान असते तेव्हा, आम्ही मस्कतबाहेर बर्क्याला एक फार्म भाड्याने घेऊन संक्रांतीचा बाजार भरवतो. घराघरातून केलेले पदार्थ, तिळगूळ, हळदीकुंकू, मुलांचे खेळ. मी खजिनदार. अध्यक्ष मोडकसाहेब, मोठ्या हुद्द्यावरचे, नीटनेटके, सगळं सुरळीत व्हावं म्हणून सतत काळजीत असलेले गृहस्थ.

त्या बाजारात सर्वांत आधी संपायचं ते मोडकवहिनींच्या स्टॉलवरचं मालवणी खाजं. बेसनाच्या तळलेल्या कांड्या, वरून आल्याचा वास असलेला गुळाचा पाक. वृंदाताई मंडळात नव्या आल्या त्या वर्षी त्यांनी खाजं तोंडात टाकलं आणि सवयीने विचारलं, "वहिनी, कुठं केलंत? लेबल नाही यावर."

वहिनी सोलापूरच्या. हसून म्हणाल्या, "मी कुठलं करते! रुस्ताकहून परब आणून देतात."

"आमचे परब? कुठं आहेत?"

"गेटवर असतील. डबे रिकामे झाले की घेऊन जातात."

वृंदाताई गेटपर्यंत गेल्या. मी मागोमाग गेलो, कारण त्यांच्या हातात माझ्या स्टॉलच्या हिशेबाची पिशवी होती. बाहेर एका जुन्या पिकअपच्या सावलीत परब आणि त्यांच्या खोलीतले दोघे चहा पीत बसले होते.

"परब, आत का नाही आलात?"

"फॅमिली फंक्शन ना ता, मॅडम. आमी बॅचलर."

"तुमचं लग्न नाही झालेलं?"

"झाला तर! झिलाची बारावी झाली." परब हसले. "पण फॅमिली वेंगुर्ल्याक. म्हणजे हयसर मी बॅचलर. खाजा आत, मी भायर. हर साल असाच असता."

आखातात राहणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. ज्याचं बिऱ्हाड इथं नाही तो बॅचलर, मग तो आजोबा का असेना. अमुक इमारत फॅमिलीसाठी, अमुक बाग फॅमिलीसाठी. ही पाटी इतकी अंगवळणी पडते की आम्ही आमच्या मंडळाच्या घटनेतही ती लिहून टाकली होती, आणि लिहिताना कुणालाच वेगळं काही वाटलं नव्हतं.

वृंदाताई त्या दिवशी भांडल्या नाहीत. पिकअपपाशी उभ्या राहून चहा प्यायल्या. पण पुढच्या हिवाळ्यात परबांनी ऑफिसात येऊन एक बातमी सांगितली. त्यांची बायको सुनंदा जानेवारीत महिनाभरासाठी ओमानला येत होती. पहिल्यांदाच. गेली कित्येक वर्षं ती फोनवर ऐकत होती की संक्रांतीच्या बाजारात ह्यांचं खाजं हातोहात जातं.

"तिका एकदा बघूचा आसा," परब म्हणाले. "मी माझ्या स्टॉलवर उभो रवान विकतंय, ह्या. बाकी मस्कत दाखवीन, समुद्र दाखवीन, ता काय. पण ह्या तिच्या डोळ्यासमोर व्हाया."

वृंदाताई म्हणाल्या, "होईल."

समितीची बैठक मोडकांच्या घरी झाली. वृंदाताईंनी विषय काढला तसे मोडक खुर्चीत ताठ झाले. "वृंदाताई, हा तुमचा आखाती सामाईक बाजार नाही. संक्रांतीचा आहे."

"बरोबर. त्यात आपण पाहुणे. यात आपण यजमान. म्हणून तर विचारते. माल घेतो, माणूस घेत नाही. कारण सांगा."

"जागा. फार्मची क्षमता आहे काही."

"साठे, गेल्या वर्षी माणसं किती होती आणि परवानगी कितीची?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला राजकारण जमत नाही. आकडे विचारले की सांगतो. "पानं एकशे चाळीस झाली. परवानगी दोनशेची आहे."

मोडकांनी घसा साफ केला. "बायका-मुलं असतात. पोहायचा तलाव आहे."

"परब आणि त्यांच्या मित्रांच्याही घरी बायका-मुलं आहेत. तरी काळजी असेल तर नावं आधी देतील, ओळखपत्र दाखवतील. आपण सगळेच दाखवू. कमी अडवून साधतं का बघा."

"आणि फार्मचा मालक? त्याचीच अट आहे, ओन्ली फॅमिली. त्याला काय सांगणार?"

"त्यालाच विचारू या."

त्यांनी तिथल्या तिथे मालकाला, सालिम यांना, फोन लावला आणि फोन टेबलावर सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. विचारपूस, तब्येती, मुलांचे अभ्यास असं सगळं रीतसर झाल्यावर मुद्दा निघाला.

"फॅमिली?" सालिम म्हणाले. "ते तर तुमच्याच अध्यक्षांनी फोनवर सांगितलं, आमचे सगळे फॅमिली आहेत म्हणून. मी म्हटलं, उत्तम. तुमचे पाहुणे ते माझे पाहुणे, सिस्टर. माझ्या दोनच अटी. गवतावर आग नको, आणि लिंबाच्या झाडांना हात नको."

"कबूल. लिंबांना कुणी हात लावणार नाही."

"गेल्या वर्षी लावला होता," सालिम म्हणाले. "फॅमिलींनी."

स्वयंपाकघरातून मोडकवहिनींच्या हसण्याचा आवाज आला. त्यांच्या घरच्या लिंबाच्या लोणच्याबद्दल मी इथं काही लिहीत नाही.

बैठक निर्णयाविना संपली, पण मोडक वाईट माणूस नव्हते. दोन दिवसांनी त्यांनी स्वतः मार्ग काढला. परबांची बायको येते आहे, म्हणजे त्या महिन्यात परब फॅमिलीच. घटना बदलायला नको, कुणाला दुखवायला नको. परबांना स्टॉल द्या. वृंदाताईंनी हे रुस्ताकला जाऊन परबांना सांगितलं. मी बरोबर होतो. मला वाटलं होतं, त्या परबांना हे नाकारायला सांगतील. तत्त्वाचा प्रश्न होता. पण त्या म्हणाल्या, "परब, घ्या. माझं भांडण पुढच्या वर्षीही होईल. सुनंदाताईंचा महिना एकच आहे."

परब पाक ढवळत होते. त्यांनी ज्योत बारीक केली.

"बायको इली काय मी फॅमिली. ती विमानात बसली काय मी परत बॅचलर. ह्या माका नको, मॅडम." मग म्हणाले, "आणि खाजा मी एकटो करतंय काय? आदल्या दिवशी खोलीतले सगळे बसतत तळूक. मी आत, आणि ते पिकअपमधे? बायलेक काय दाखवू, माझो रुबाब?"

"पण मग त्या काहीच बघणार नाहीत."

"तर नाय बघणार."

गाडीत बसल्यावर वृंदाताई पहिल्यांदाच डावीकडच्या लेनने, भरधाव घरी आल्या.

डिसेंबरात सर्वसाधारण सभा झाली. घटना बदलायचा ठराव वृंदाताईंनी मांडला. त्यांनी तयारी जोरात केली होती, आणि तिथेच चुकलं. त्यांनी सुरुवात केली युरोपातल्या एका डोंगरातल्या महामार्गापासून. त्या रस्त्यावरच्या ट्रकांच्या धुराने हैराण झालेल्या गावकऱ्यांनी एक दिवसाहून जास्त वेळ रस्ता बंद ठेवला. ट्रकवाले कोर्टात गेले, की बाजार खुला असताना सरकारने हे होऊ दिलंच कसं. कोर्ट म्हणालं, बाजार मोठा आहे, पण माणसाला आपलं म्हणणं मांडायचा हक्क त्याच्यापुढे लहान नाही. वृंदाताईंचे डोळे चमकत होते. ऐकणाऱ्यांचे मिटत होते. तिसऱ्या रांगेतून कुणीतरी विचारलं, "म्हणजे बर्क्याचा रस्ता बंद आहे का?" मागून आवाज आला, "जेवण कधी आहे?" श्रीरंगांनी कपाळाला हात लावला. वृंदाताईंनी आणखी एक निकाल सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात मोडकवहिनी उभ्या राहिल्या.

"मला एवढंच सांगायचंय," त्या म्हणाल्या. "ते खाजं माझं नाही. तुम्ही सगळे मला म्हणता, वहिनी, तुमच्या हाताला काय चव आहे. मी हसते. आता मला लाज वाटते. यंदा मी स्टॉल लावणार नाही. ज्यानं केलंय त्याला लावू द्या, नाहीतर खाजं विसरा."

एकदम गलका झाला. हक्कांवर ज्यांनी जांभया दिल्या होत्या ते खाज्यावर जागे झाले, असं कुणाला वाटेल, आणि थोडं तसं झालंही. पण पुष्कळांना गेटबाहेरची ती पिकअप आठवली असावी. ती सगळ्यांनीच कधी ना कधी पाहिली होती. हात वर झाले. मी मोजले. स्पष्ट बहुमत होतं. सर्वांत शेवटी मोडकसाहेबांचा हात वर आला.

"तुम्हीसुद्धा?" मी विचारलं.

"साठे, मला घरी जेवायचंय," ते म्हणाले.

बाजाराच्या दिवशी रुस्ताकहून दोन गाड्या भरून मंडळी आली. इस्त्रीचे शर्ट, केसांना तेल, हातात ओळखपत्रं. गेटवर मोडकसाहेब स्वतः उभे होते आणि प्रत्येकाला तिळगूळ देत होते, जरा जास्तच जोरात हात हलवत. तासाभरात आमच्या मुलांनी त्या मंडळींना क्रिकेटमध्ये ओढलं. इरा एका वेल्डर काकांकडून गोफणीसारखा चेंडू फेकायला शिकत होती आणि तिच्या मराठीत चार मालवणी शब्द शिरले होते.

परबांच्या स्टॉलवर गर्दी होती. सुनंदाताई मागे खुर्चीत बसल्या होत्या, हिरवी साडी, मांडीवर पर्स घट्ट धरलेली. त्यांनी एक खाजं चावून पाहिलं आणि सगळ्यांसमोर निकाल दिला, "पाक कडक झालो हा. दात पडतले कोणाचे तरी." परब म्हणाले, "गप रव गो, गिऱ्हायकां आसत." पण ते असे ताठ उभे होते, असे सुटे बोलत होते, की रुस्ताकच्या कारखान्यात मला कधी दिसले नव्हते. त्यांचे खोलीतले साथीदार पुड्या बांधत होते, चिल्लर देत होते, बायकांना 'वयनी' म्हणून हाक मारत होते. उन्हं उतरायच्या आत खाजं संपलं.

सुनंदाताई तरीही खुर्चीतून हलल्या नव्हत्या. वृंदाताई त्यांच्याजवळ जाऊन बसल्या, आणि चक्क खुर्चीत बसल्या. "कंटाळलात का? मुलांचे खेळ आहेत तिकडे, चला."

"नको. ह्यांका फोनवर रोज आयकतंय," सुनंदाताई म्हणाल्या. "पण असे माणसांत उभे कधी बघूक मिळाले नाय होते. ता आज बघलंय. आता माझी ट्रिप वसूल."

वृंदाताईंनी चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसला.

त्यानंतर वृंदाताई आणखी काही महिने ऑफिसात होत्या. मग श्रीरंगांची बदली झाली आणि त्यांनी मस्कत सोडलं. केक कापला, भाषणं झाली, मी त्यांना विमानतळावर पोचवलंही. तारखेच्या हिशेबाने शेवटची भेट ती. पण वृंदाताई म्हटलं की मला त्या विमानतळावर दिसत नाहीत.

मला दिसतं ते बर्क्याचं गवत. सूर्य खजुरांच्या मागे गेला आहे. रुस्ताकच्या मंडळींनी कुठून तरी एक ढोलकी आणली आहे. सुनंदाताई पर्स नवऱ्याच्या हातात देतात, पदर खोचतात, आणि वृंदाताईंचा हात धरून त्यांना मधोमध ओढतात. वृंदाताई सांगतात, गुडघा दुखतो, चष्मा पडेल, मला फुगडी येत नाही. सुनंदाताई काहीही ऐकून घेत नाहीत. पाय जुळतात, हातांची अढी पडते, आणि दोघी फिरू लागतात. आधी जपून, मग भरभर, मग अशा की सुनंदाताईंची हिरवी साडी आणि वृंदाताईंचा पांढरा कुर्ता वेगळे ओळखू येईनात. वृंदाताईंची एक चप्पल मोडकसाहेबांच्या पायाशी जाऊन पडते. आमची सगळी घरं आणि रुस्ताकची सगळी माणसं एकाच गोलात उभी राहून टाळ्या देत आहेत. परब बायकोची पर्स छातीशी धरून ओरडत आहेत, "सोडू नको गो, सोडू नको!"

"सुनंदाताई, पुरे! पुरे आता! पडेन मी!" वृंदाताई ओरडत होत्या. मी जवळच उभा होतो, त्यामुळे नीट पाहिलं आहे. सुनंदाताईंची पकड केव्हाच सैल झाली होती. हात घट्ट धरून ठेवले होते ते वृंदाताईंनीच.